तिघांनी भाव सांगितला, गियरबॉक्स कुणीच पाहिला नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, वय 61, शाळेतून निवृत्त. आमच्याकडे 2011 सालची पेट्रोल ऑटोमॅटिक सेडान आहे. 2018 मध्ये सेकंड हँड घेतली तेव्हा 52,000 किलोमीटर झाली होती, आता 1,08,000 आहे. ह्यांचा डावा गुडघा बदललाय, त्यांना क्लच दाबणं जमत नाही. मी तर गाडी शिकलेच या गाडीवर, त्रेपन्नाव्या वर्षी. क्लचची गाडी मला येत नाही.

तीन-चार महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा डी (पुढे जायचा गियर) टाकला की गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही, मग झटका देऊन निघते. तापली की हे कमी होतं. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं, वेग वाढत नाही. गेल्या महिन्यात ठाण्याहून मुलीकडून परत येताना कसारा घाटात असं बऱ्याचदा झालं, आणि समोरचं डी अक्षर लुकलुकायला लागलं. गाडी बंद करून परत चालू केल्यावर ते थांबलं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, पूर्ण गियरबॉक्स बदला, 2,60,000 रुपये. अंबडचा एक गॅरेजवाला म्हणतो, खोलून ओव्हरहॉल करतो, 85,000. तिसरा म्हणतो, ऑइलला हात लावू नका, जुन्या गियरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतोच, म्हणजे कायमचा जातो. आहे तशी चालवा, बंद पडली की कुर्ल्याहून जुना गियरबॉक्स आणून 45,000 मध्ये बसवून देतो. मुलगा म्हणतो, दीड लाखाच्या गाडीवर खर्च करू नकोस, चालतेय तोवर विकून टाक. गिऱ्हाइकाला दुपारी बोलाव, गाडी गरम असली की काही कळत नाही. आरसीची पंधरा वर्षं येत्या सप्टेंबरमध्ये पूर्ण होतात. मी काय करू? माझ्या हौसेपायी पैसे वाया घालवतेय का?

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचताना मी एक वाक्य शोधत होतो, ते सापडलं नाही. तिघांपैकी कुणी गाडीला स्कॅनर लावला, असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. गियरबॉक्सचं ऑइल काढून कुणी तुम्हाला दाखवलं, असंही नाही. 2,60,000, 85,000 आणि 45,000 असे तीन आकडे तुमच्या हातात आहेत, पण आजार काय आहे ते अजून कुणीच सांगितलेलं नाही. त्यामुळे दुरुस्ती करावी की गाडी काढावी, हे आज ठरवू नका. आधी दोन-चार हजार रुपये नुसत्या तपासणीवर खर्च करा. हे पैसे द्यायला लोक कुरकुरतात, कारण त्यात हातात काही नवीन येत नाही. पण तुमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त मोल याच पैशांना आहे.

ते लुकलुकणारं डी अक्षर म्हणजे गाडीने तुम्हाला दिलेला निरोप आहे. ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा स्वतःचा एक कॉम्प्युटर असतो. आत येणारा वेग, बाहेर जाणारा वेग, ऑइलचा दाब आणि तापमान हे तो सतत मोजत असतो. हिशेब जुळला नाही की तो एक कोड साठवतो आणि तुमच्यापुढे दिवा लुकलुकवतो. गाडी बंद-चालू केल्यावर दिवा विझला, तरी कोड बहुतेक वेळा आतच राहतो. स्टीअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्याला स्कॅनर लावला की तो वाचता येतो. फक्त स्वस्तातला इंजिनपुरता स्कॅनर नको. तो बऱ्याचदा पी-0700 एवढंच दाखवतो आणि त्याचा अर्थ ‘गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरची तक्रार आहे’ एवढाच होतो. त्याच्या आतले कोड वाचणारा स्कॅनर हवा. पी-0730 आला तर गियरचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. पी-0741 आला तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची शक्ती गियरबॉक्सला देणारा भाग, तो खाली समजावतो) लॉक-अप क्लच पकडत नाही. एखाद्या प्रेशर स्विचचा (ऑइलचा दाब ओळखणारा) किंवा सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडझाप करणारी विजेची झडप) कोड आला तर आनंदाने घरी जा, कारण या वस्तू बऱ्याच गाड्यांत गियरबॉक्स न उतरवता बदलता येतात आणि तो खर्च काही हजारांत निभावतो. तुमच्यासारख्या पाच गियरच्या गाड्यांत ते स्विच वयोमानाने बिघडतात आणि गाडी झटके द्यायला लागते. कोड वाचून तो पुसून टाकू देऊ नका, आधी कागदावर लिहून घ्या.

हे एवढं का सांगतोय, ते कळण्यासाठी आत काय चालतं ते थोडं बघू. तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे असावेत, एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो, तसं इथे वाऱ्याऐवजी ऑइल असतं. इंजिन एक चक्र फिरवतं, ते ऑइल ढकलतं आणि ऑइल दुसरं चक्र फिरवतं. त्याच्या पुढे गियर बदलण्यासाठी क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात आणि त्यांना दाबून धरायचं कामही ऑइलच करतं. म्हणजे शक्ती पोचवणं, प्लेटा दाबणं, वंगण आणि थंडावा, चारही कामं त्या एकाच ऑइलची. पातळी थोडी कमी झाली, ऑइल जळून पातळ झालं किंवा चुकीचं पडलं, की दाब कमी होतो. दाब कमी झाला की प्लेटा घट्ट धरल्या जात नाहीत, घसरतात, घसरून तापतात आणि ऑइल आणखी जळतं. तुम्ही घाटात ऐकलेलं इंजिनचं ओरडणं म्हणजे हे घसरणं.

सकाळी डी टाकल्यावर गाडी थांबून राहते, याची कारणं वेगळी असू शकतात. ऑइल कमी असेल, रात्रभरात ते खाली उतरून जात असेल, किंवा आतली रबरी सीलं वयाने कडक झाली असतील. थंड असताना ती दाब सोडतात, गरम झाली की जरा फुलून पकडतात. चढावरचं घसरणं मात्र गरम गाडीत होतंय, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. दोन्ही लक्षणांचं मूळ एकच असेल तर ते ऑइलच्या पातळीत किंवा दाबात असण्याची शक्यता बरीच आहे. पण पत्रावरून मी पैज लावणार नाही, आणि तुम्हीही कुणाला लावू देऊ नका.

आता ऑइलचं. तुम्ही पत्राबरोबर सर्व्हिसच्या पावत्या जोडल्यात, ते फार चांगलं केलंत. त्यात दर वर्षी इंजिन ऑइल बदललेलं दिसतं. गियरबॉक्सचं ऑइल, ज्याला गॅरेजात एटीएफ म्हणतात, ते 2018 पासून एकदाही बदललेलं दिसत नाही. आधीच्या मालकाने बदललं होतं का, याचा कागद नाही. म्हणजे कदाचित 1,08,000 किलोमीटर आणि जवळजवळ पंधरा वर्षं एकच ऑइल. यात तुमचा दोष मी मानत नाही. ‘हे ऑइल आयुष्यभराचं असतं’ हे वाक्य गाड्या विकणारे वर्षानुवर्षं म्हणत आलेत. पण झेडएफ ही जर्मन कंपनी, जी जगभरच्या गाड्यांना गियरबॉक्स बनवून देते, ती स्वतः आपल्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला असं सांगते. आपल्याकडची गरमी, रहदारी आणि घाट धरले तर त्याच्याही आधी बदललेलं बरं.

तेव्हा दुसरं काम हे की ऑइल काढायला लावा आणि ते काढताना स्वतः उभ्या राहा. संकोच करू नका, गाडी तुमची आहे. थोडं ऑइल पांढऱ्या कपड्यावर घ्या. नवं एटीएफ लालसर असतं. तपकिरी झालेलं असेल पण वास साधा असेल, तर ते जुनं आहे एवढंच. काळं असेल आणि करपल्याचा वास असेल, तर प्लेटा जळल्यात. गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट त्यात मिसळलंय. बऱ्याच गाड्यांत हे ऑइल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते, ती आत फुटली की असं होतं. हे दिसलं तर गाडी त्या क्षणापासून चालवू नका, कारण पाणी लागलं की क्लच प्लेटांवरचा थर सुटायला लागतो. मग ड्रेन बोल्ट बघा. त्याला चुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ लेप असणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. चमकणारे तुकडे किंवा कीस दिसला तर मात्र आत एखादा भाग झिजून तुटतोय.

ऑइलची पातळी मोजण्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. काहींत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत गाडी गरम करून बंद केल्यावर मिनिटभरात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ती दिलेली असते, ते पान उघडून मेकॅनिकपुढे ठेवा. त्याच पुस्तकात ऑइल कोणत्या प्रतीचं हवं तेही लिहिलेलं असतं आणि तेच टाकायचं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं म्हणून कुणी डब्यातलं सुटं ऑइल ओतायला लागला तर हात धरा. (सीव्हीटी, म्हणजे गियरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक गाडी असलेल्या वाचकांसाठी जाता जाता: तुमच्या गाडीचं ऑइल पूर्ण वेगळं असतं. त्यात साधं एटीएफ गेलं तर पट्टा घसरून गियरबॉक्स कायमचा जाऊ शकतो.)

तिसरी एक गोष्ट बघायला सांगा, ती म्हणजे फाउंडेशन. इंजिन आणि गियरबॉक्स ज्या रबरांवर बसवलेले असतात ती रबरं पंधरा वर्षांत फाटतात, आणि मग डी टाकल्यावर जो झटका बसतो तो हुबेहूब गियरबॉक्सचा वाटतो. तुमच्या चढावरच्या घसरण्याचा याच्याशी संबंध नाही, पण सकाळच्या झटक्याचा असू शकतो. बॅटरीही बघू द्या. कमजोर बॅटरीमुळे हे कॉम्प्युटर खोट्या तक्रारी करतात.

त्या तिसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ‘जुन्या गियरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो’ हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं आणि त्यामागे खरे अनुभव आहेत. प्लेटा आधीच संपल्या असतील तर जुन्या ऑइलमध्ये तरंगणाऱ्या त्यांच्याच चुऱ्यामुळे थोडीफार पकड टिकून असते. स्वच्छ ऑइल पडलं की तीही जाते. शिवाय मशिन लावून जोराने फ्लश केलं तर तळाला बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकतो. पण यात गियरबॉक्स ऑइलने मेला असं नसतं, तो आधीच मेलेला असतो आणि ऑइलने ते फक्त उघड होतं. म्हणून माझं सांगणं असं की मशिनचा फ्लश नको. ऑइल तपकिरीच निघालं, करपलेलं नसलं, तर नुसतं बोल्टमधून काढून तेवढंच नवं भरायचं. अशाने सहा-सात लिटरपैकी अडीच-तीन लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. दोन-तीनशे किलोमीटर गावातल्या गावात चालवा आणि परत तसंच करा, मग तिसऱ्यांदा. तीन वेळांत सुमारे 80 टक्के ऑइल नवं होतं. पहिल्या खेपेलाच सकाळचं थांबणं कमी झालं तर तुमचे लाखभर रुपये वाचण्याची आशा आहे. ऑइल करपलेलं असेल तर या फंदात पडू नका, मग प्रश्न ओव्हरहॉलचाच आहे.

ओव्हरहॉलवर जरा सविस्तर लिहितो, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. 85,000 रुपये जास्त आहेत की कमी, हे त्यात काय काय धरलंय त्यावर अवलंबून आहे. अंबडच्या त्या गॅरेजवाल्याला विचारा: सगळ्या क्लच प्लेटा बदलणार की जळलेल्या तेवढ्याच? सीलांचं पूर्ण किट नवं का? व्हॉल्व्ह बॉडी खोलून धुणार का? सोलेनॉइड तपासणार की तसेच बसवणार? टॉर्क कन्व्हर्टर कापून, साफ करून, परत वेल्ड करून घेणार का? आणि रेडिएटरमधला कूलर आणि नळ्या? हा शेवटचा प्रश्न ऐकून तो थबकला तर दुसरं गॅरेज शोधा. जुन्या प्लेटांचा चुरा त्या कूलरमध्ये साचलेला असतो. गियरबॉक्स नवा करून जुन्या कूलरला जोडला की पहिल्याच आठवड्यात तो चुरा परत आत येतो. ‘दोन महिन्यांत परत तेच झालं’ अशी जी कहाणी ऐकू येते, तिच्या मागे बऱ्याचदा हेच असतं.

शिवाय त्याने याआधी तुमच्याच मॉडेलचे ऑटोमॅटिक गियरबॉक्स खोललेत का, ते विचारा आणि शक्य असेल तर त्यातल्या एका गाडीच्या मालकाशी बोला. क्लचच्या गाडीचा उत्तम मिस्त्री ऑटोमॅटिकचा मिस्त्री असतोच असं नाही, ती वेगळी विद्या आहे. नाशिकमध्ये खात्रीचं कुणी मिळालं नाही तर मुंबई-पुण्यात फक्त ऑटोमॅटिकचं काम करणारी वर्कशॉप आहेत. क्रेनचं भाडं धरूनही ते परवडेल. बिल पक्कं घ्या, जीएसटीसहित, त्यावर बदललेल्या भागांची यादी आणि सहा महिने ते वर्षाची लेखी गॅरंटी. तोंडी गॅरंटी ग्राहक आयोगात सिद्ध करणं अवघड जातं. पक्कं बिल असेल आणि काम फसलं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते. काढलेले जुने भाग परत मागा. ते बघितले की खरंच काय जळलं होतं ते तुम्हालाही दिसेल.

कुर्ल्याच्या जुन्या गियरबॉक्सचा मार्ग मी तुमच्यासाठी सुचवणार नाही. तिथल्या सीएसटी रोडवर चांगला माल मिळतोही, अपघातात पुढून वाचलेल्या गाडीचा गियरबॉक्स वर्षानुवर्षं चाललाय अशी उदाहरणं आहेत. पण तो ज्या गाडीतून आलाय तीही तुमच्याइतकीच जुनी, आणि तिचंही ऑइल कुणी बदललेलं नसणार. तो बसवायला तुमचा गियरबॉक्स उतरवण्याची मजुरी तेवढीच लागते, आणि तो बिघडला तर परत तेवढीच. शिवाय ‘बंद पडेपर्यंत चालवा’ या सल्ल्यात तुमच्या जिवाचा विचार नाही, त्यावर खाली येतो.

सर्व्हिस सेंटरच्या 2,60,000 बद्दल एवढंच, की ते खोटं बोलत नाहीत. ते लोक गियरबॉक्स आत खोलत नाहीत, पूर्ण बदलतात, तशी त्यांची पद्धत आहे. पंधरा वर्षांच्या गाडीवर हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुलाचा मुद्दा, की दीड लाखाच्या गाडीवर एवढा खर्च कशाला. हा हिशेब जवळजवळ प्रत्येक घरात असाच मांडतात आणि मला तो चुकीचा वाटतो. बाजारभाव तुम्ही विकणार असाल तर उपयोगाचा. वापरणार असाल तर विचारायचं हे की या खर्चातून किती वर्षं मिळतील आणि त्याऐवजी दुसरं काही घेतलं तर तेवढ्याच वर्षांचे किती लागतील. 85,000 मध्ये गाडी आणखी चार वर्षं धावली तर महिन्याला साधारण 1,770 रुपये पडले. नवी लहान ऑटोमॅटिक घेतली आणि पाच लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता 10,400 च्या आसपास, विमा वेगळा. दोन पेन्शनवर चालणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. चार-पाच लाखांची सेकंड हँड ऑटोमॅटिक हा मधला रस्ता आहे, पण तिच्याही गियरबॉक्सचं ऑइल कुणी बदललंय का हाच प्रश्न तिथेही उभा राहील. निदान या गाडीचे गुणदोष तुम्हाला माहीत आहेत.

पण हा हिशेब एका अटीवर खरा आहे. बाकीची गाडी चार वर्षं टिकली पाहिजे. म्हणून त्याच तपासणीत गाडी लिफ्टवर चढवून खालून गंज बघू द्या, इंजिनचं कॉम्प्रेशन मोजू द्या, एसीचा कॉम्प्रेसर, सस्पेन्शन, स्टीअरिंग बघू द्या. गियरबॉक्सबरोबर आणखी पन्नास-साठ हजारांची कामं निघाली तर मग मी मुलाच्या बाजूने आहे.

सप्टेंबरची तारीखही यात धरा. पंधरा वर्षांनी आरसी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म 25 भरायचा, गाडी आरटीओत नेऊन फिटनेस दाखवायचा. कारला नूतनीकरणाची फी 2022 पासून 5,000 रुपये आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. मुदत उलटली की दर महिन्याला दंड वाढत जातो. विमा, पीयूसी आणि एचएसआरपी नंबरप्लेट हे सगळं आधी पूर्ण करून ठेवा. ‘पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंदच होते’ असं तुम्हाला कुणी सांगेल, तर तो वाद दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचा आहे, नाशिकचा नाही. माझ्या मते आधी तपासणी, मग गाडी ठेवायची ठरली तर दुरुस्ती, मग आरटीओ, असा क्रम ठेवा. सप्टेंबर तोंडावर यायच्या आत पहिली दोन कामं उरकायला हवीत. विम्यातून काही मिळेल अशी आशा ठेवू नका, साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो.

एक आकडा सांगा म्हणाल तर सांगतो. बाकीची गाडी ठणठणीत असेल, तर सगळं धरून एक लाखापर्यंत मी या गाडीवर खर्च करीन. त्याच्या वर गेलं की थांबेन.

थांबायचं ठरलं तर विका, पण दुपारी गरम गाडी दाखवून नको. मुलाने ते काळजीपोटी सुचवलं असेल हे मी समजू शकतो. पण ती गाडी घेणारं माणूस कोण असेल? नवी ऑटोमॅटिक परवडत नाही असं कुणीतरी, कदाचित तुमच्या ह्यांच्यासारखाच गुडघा असलेलं. ते दीड लाख देईल, महिन्याभरात त्याला कळेल की अजून लाखभर घालायचेत, आणि तेव्हा त्याच्याकडे ते नसतील. दोष सांगून, स्कॅनचा कागद दाखवून विका. गाडी कमी किमतीला जाईल, पण जाईल. गियरबॉक्स स्वतः करून घेणारे मिस्त्री अशाच गाड्या शोधत असतात. तेही जमलं नाही तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि नवी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये सवलत. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला ती 25 टक्क्यांपर्यंत आहे, राज्यात सध्या किती ते आरटीओत विचारा.

नवी घ्यायचीच झाली तर 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, ते तुमच्या पथ्यावर पडेल. एएमटी म्हणून मिळतात त्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या एकदा चालवून बघा. 2014 मध्ये सेलेरियोपासून त्या आपल्याकडे आल्या. आत साधा क्लचचाच गियरबॉक्स असतो, क्लच दाबायचं काम यंत्र करतं, त्यामुळे दुरुस्ती स्वस्त. गियर बदलताना जरा डोलतात, आणि चढावर थांबताना ब्रेकच धरावा लागतो, अॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. याची सवय तुम्हाला आठवड्यात होईल.

हौसेचं विचारलंत. ताई, तुम्ही त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकलात, आज घाट चढून लेकीकडे ये-जा करता, ह्यांना दवाखान्यात तुम्ही नेता. याला मी हौस म्हणणार नाही. ही तुमच्या घराची गरज आहे, आणि तिच्यावर खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त एक वेगळं करून बघा. तुम्हाला जी गरज आहे ती ऑटोमॅटिक गाडीची आहे, याच गाडीची असेलच असं नाही. तपासणीचा निकाल वाईट आला तर ही गाडी गेल्याने तुमचं गाडी चालवणं जात नाही.

निकाल येईपर्यंत एक गोष्ट मात्र मी आग्रहाने मागतो. ही गाडी गावाबाहेर काढू नका. कसारा घाट नको, आणि घाट टाळायचा म्हणून इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जाणं तर मुळीच नको. त्या रस्त्यावर जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, मागून गाड्या ताशी शंभरच्या वेगाने येतात, आणि तिथे गियर सुटला तर तुम्ही दोघं एका न हलणाऱ्या गाडीत बसलेले असाल. असे गियरबॉक्स जाताना कधीकधी तिसऱ्यासारख्या एकाच गियरमध्ये अडकून हळूहळू चालत राहतात, कधी एकदम सोडतात; कोणतं होईल ते आधी कळत नाही. तोवर ठाण्याला रेल्वेने जा. गावात चालवताना गाडी थांबली तर जोर लावून रेस करू नका, त्याने उरलेल्या प्लेटाही जळतात. कडेला घ्या, पार्किंगचे दिवे (चारही इंडिकेटर) लावा. आणि क्रेन बोलवाल तेव्हा फोनवरच सांगा की गाडी ऑटोमॅटिक आहे, पूर्ण गाडी वर चढवणारी सपाट ट्रॉलीच हवी. पुढची चाकं रस्त्यावर फिरवत दोरीने ओढली तर इंजिन बंद असल्याने आतला ऑइल पंप चालत नाही, आणि वाचू शकला असता तो गियरबॉक्सही गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर संपतो.